स्टीलचा टाक नक्की शोधला कोणी?

नमस्कार.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : आजोबांच्या ट्रंकेत टाकांची, म्हणजे शाईत बुडवून लिहायच्या लेखणीच्या धातूच्या टोकांची, एक डबी सापडली. टाकांवर ‘जोसेफ गिलॉट’ आणि ‘३०३’ असा ठसा आहे. माहिती शोधली तर कुठे गिलॉटला स्टीलच्या टाकाचा जनक म्हटलेय, कुठे जॉन मिचेलला, कुठे जेम्स पेरीला, आणि एका ठिकाणी तर थेट १७८० साल दिलेय. मग खरा शोधक कोण? आणि हे टाक आज लिहायला चालतील का?

आधीच सांगतो, मी इतिहासाचा माणूस नाही. माझी छत्तीस वर्षे टूलरूममध्ये गेली. पत्र्यातून वस्तू कापणाऱ्या, वाकवणाऱ्या डाय बनवायच्या, हेच काम. निवृत्तीनंतर सुलेखनाचा नाद लागला, मग टाक गोळा करायचा, आणि शेवटी स्वतः टाक बनवून बघायचाही. त्यामुळे माझे उत्तर कारखान्याच्या बाजूने आहे हे लक्षात ठेवून वाचा.

शोधक कोण, हे तुम्ही शोध कशाला म्हणता यावर अवलंबून आहे. पोलादाची लेखणी पहिल्यांदा कोणी केली, पेटंट पहिल्यांदा कोणी घेतले, आणि एकासारखा एक असे हजारो टाक पहिल्यांदा कोणी काढले, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिन्हींची उत्तरे वेगळी येतात. तुम्हाला चार वेगळी उत्तरे मिळाली ती त्यामुळेच. कोणी खोटे लिहिलेले नाही. माझे स्वतःचे मत विचाराल तर खरा शोध टाक या वस्तूचा नाहीच. कोणते काम आधी करायचे आणि कोणते नंतर, त्या क्रमाचा तो शोध आहे.

पहिल्या दोन प्रश्नांवर फार वेळ घालवत नाही. १७८० च्या सुमारास बर्मिंगहॅमच्या सॅम्युएल हॅरिसनने शास्त्रज्ञ जोसेफ प्रिस्टलीसाठी पोलादी लेखणी बनवून दिली, असे सांगतात. तुम्हाला सापडलेले साल तेच. १८०८ मध्ये इंग्लंडमध्ये ब्रायन डाँकिनने पेटंट घेतले, १८०९ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या पेरेग्रीन विल्यमसनने. म्हणजे कल्पना बऱ्याच डोक्यांत होती. पण त्या काळच्या या लेखण्या बहुतेक कशा असत? पत्र्याची पट्टी घ्यायची, गोल वळवून नळी करायची, नळीची दोन टोके जिथे भेटतात ती फट म्हणजेच चीर. मग कानशीने घासून टोक काढायचे. एक नग करायला कारागिराचा बराच वेळ जाई, किंमत तशीच पडे, आणि लिहिताना ती कागदात रुतत असे, कारण तिला लव, म्हणजे लवचीकपणा, नव्हताच. हंसाच्या पिसाची लेखणी त्यापेक्षा शंभर पटींनी बरी. पिसाची तक्रार एवढीच की ती झिजते, दर थोड्या वेळाने चाकूने तासावी लागते, आणि तासायचे कौशल्य सगळ्यांकडे नसते. आपल्याकडे बोरूचे तेच. बोरू चांगला तासणारा माणूस दफ्तरात किती मोलाचा होता, हे मोडी वाचणाऱ्यांना विचारा.

तेव्हा पोलादाकडून काय हवे होते? पिसासारखी लव हवी, बोटाचा दाब पडला की टोक फाकले पाहिजे आणि दाब काढला की परत मिटले पाहिजे. शिवाय हजारावा टाक पहिल्यासारखाच निघाला पाहिजे. आता इथे टूलरूमवाल्याला घाम फुटतो. लवचीक पोलाद म्हणजे पाणी दिलेले, तापवून एकदम थंड करून कडक केलेले पोलाद. पण पाणी दिलेले पोलाद वाकवायला गेलात तर तुटते, त्यावर ठसा उमटत नाही, भोक पाडायला गेलात तर पंच खराब होतो. आणि नरम पोलादाला सगळे करता येते, फक्त ते परत मिटत नाही, वाकले की वाकलेलेच राहते.

बर्मिंगहॅमच्या कारखान्यांनी बसवलेला क्रम साधारण असा होता. शेफील्डचे पोलाद, त्याच्या पट्ट्या नरम करून, आम्लात धुऊन, थंडच रोलमधून काढून पातळ करायच्या. हातप्रेसवर त्यातून चपटे ब्लँक, म्हणजे टाकाच्या आकाराचे कच्चे तुकडे, कापायचे. पट्टीची एक बाजू झाली की पट्टी उलटी करायची आणि दुसऱ्या ओळीची टोके पहिल्या ओळीच्या टोकांमधल्या जागेत बसवायची, म्हणजे भंगार कमी. (आजचा कुठलाही डायमेकर हेच करतो. दोनशे वर्षांपूर्वीची ती मांडणी पाहून मला सलाम करावासा वाटला होता.) मग नावाचा ठसा. मग मधले भोक आणि बाजूच्या चिरा. मग पुन्हा भट्टीत नरम करणे. मग पन्हळीसारखा बाक देणे. इथपर्यंत सगळे नरम पोलादावर. त्यानंतर लाल तापवून तेलात टाकायचे, म्हणजे टाक काचेसारखा कडक आणि तितकाच ठिसूळ होतो. तेल धुऊन काढायचे आणि फिरत्या ढोलात पुन्हा हलके तापवून ठिसूळपणा उतरवायचा, म्हणजे टेंपर करायचे. मग घासकाम, मग टोकाजवळ चाकावर घासणे. आणि सगळ्यांत शेवटी, शेवटीच, मधली चीर.

ही चीर शेवटी का? मला हे पुस्तकातून कळले नाही, तीन वेळा तोंडावर आपटून कळले.

जुना फ्लायप्रेस (हाताने फिरवायचा स्क्रूचा प्रेस) घेतला, नरम स्प्रिंग स्टीलची पाव मिलिमीटरच्या आतली पट्टी आणली, पंच-डाय स्वतः घासली. पहिल्या खेपेला शहाणपणा करून चीर आधीच पाडली, पोलाद नरम आहे तोवर सोपे जाते म्हणून. तेलात बुडवल्यावर चिरेच्या दोन्ही पात्या आपापल्या दिशेने पळाल्या. एकही टाक मिटलेला निघाला नाही. शाई धरणारच कुठे? दुसऱ्या खेपेला चीर नंतरसाठी ठेवली, पण कडक केलेले टाक थेट प्रेसवर घेतले. टोके बिस्किटासारखी मोडली. तिसऱ्या खेपेला टेंपर केले, पण घाबरत घाबरत, पोलादाचा रंग गवती पिवळा झाला की उतरवले. निम्मे मोडले. शेवटी रंग जांभळ्याच्या पुढे निळ्यावर जाऊ दिला, तेव्हा काही टाक धड निघाले.

आणि तेव्हा चिरेची गंमत कळली. चीर पाडताना धातू काढून टाकत नाहीत. करवतीने कापतात तसे ते नाही. कात्रीसारखी दोन पाती एकमेकांना घासून जातात, टाकाची एक पाती क्षणभर खाली ढकलली जाते आणि फाटते. पोलाद नरम असते तर ती खालीच राहिली असती. टेंपर बरोबर असेल तर ती स्वतःच्या लवचिकतेने परत वर येऊन दुसरीला चिकटते. म्हणून तर चीर इतकी बारीक असते की नुसत्या डोळ्यांना रेघ दिसते, फट दिसत नाही. म्हणजे चिरेचे काम निम्मे प्रेस करतो आणि निम्मे आधीच्या भट्टीने करून ठेवलेले असते. क्रम चुकला की कितीही चांगली डाय असो, टाक होत नाही.

तुमच्या डबीतला एक टाक दहापट भिंगाखाली धरा. टोकाच्या वरच्या भागावर बारीक ओरखड्यांचे दोन थर दिसतील, एक लांबीच्या दिशेने, एक आडवा. ते नुसते पॉलिश नाही. एमरी लावलेल्या कातडी चाकावर एकेक टाक हातात धरून तिथे घासलेला आहे. तेवढीच जागा पातळ झाल्याने लव नेमकी तिथे येते, आणि त्या बारीक खरवडीमुळे शाई टोकाशी टिकून राहते. हे काम आणि प्रेसचेही बहुतेक काम बायका करत. बर्मिंगहॅमच्या टाक कारखान्यांत बहुसंख्य कामगार स्त्रियाच होत्या. पेटंटावर त्यांच्यापैकी कोणाचेच नाव नाही, पण घासण्याच्या हाताचा दाब कुठल्याही पेटंटात लिहिता येत नाही, हे मी पैजेवर सांगतो.

आता नावांकडे. प्रेसवर टाक हजारोंनी काढण्याची सुरुवात जॉन मिचेलची, बर्मिंगहॅम, १८२२, असे सहसा मानतात. त्याचा भाऊ विल्यम याने लवकरच स्वतःचा वेगळा धंदा काढला. जोसेफ गिलॉट मूळचा शेफील्डचा, १७९९ चा जन्म, चाकू-सुऱ्यांच्या कामात तयार झालेला. १८२१ मध्ये काम शोधत बर्मिंगहॅमला आला आणि बकला वगैरे किरकोळ पोलादी वस्तूंच्या धंद्यात शिरला. मिचेल बंधूंच्या बहिणीशी त्याचे लग्न ठरले आणि टाकाचे गणित त्याला तिथून कळले. लग्नाच्या दिवशी सकाळी त्याने स्वतःच्या हाताने एक ग्रोस, म्हणजे १४४, टाक केले आणि नगाला एक शिलिंग भावाने विकले, अशी गोष्ट सांगतात. १४४ शिलिंग म्हणजे ७ पौंड ४ शिलिंग. गोष्ट खरी असो नसो, तेव्हा एका टाकाला काय भाव मिळत होता ते तीत दिसते.

पेरीचे आणि मेसनचे प्रकरण त्याहून रंगतदार आहे. जेम्स पेरी लंडनला, त्याच्या नावाचे टाक बाजारात. जोसाया मेसन बर्मिंगहॅमला, किडरमिन्स्टरच्या गालिचे विणणाऱ्याचा मुलगा. लहानपणी रस्त्यावर केक विकायचा, पुढे वर सांगितलेल्या त्याच सॅम्युएल हॅरिसनच्या किल्ल्यांच्या कड्यांच्या धंद्यात आला. १८२९ च्या सुमारास त्याने बुल स्ट्रीटवरच्या एका पुस्तकाच्या दुकानात पेरीचे टाक पाहिले. कार्डावर नऊ नग, किंमत साडेतीन शिलिंग. कार्ड फोडून एक द्यायला दुकानदार तयार नव्हता, तेव्हा दुकानदार स्वतः ज्या टाकाने लिहीत होता तोच मेसनने सहा पेन्सांना मागून घेतला. घरी जाऊन त्याहून चांगले तीन केले आणि एक टपालाने पेरीला पाठवला. थोड्याच दिवसांत पेरी स्वतः बर्मिंगहॅमला हजर. तिथून पुढे कित्येक वर्षे मेसन टाक बनवत राहिला आणि त्यांवर ठसा पेरीचा पडत राहिला. जगातला सर्वांत मोठा टाक कारखानदार, आणि गिऱ्हाइकाला त्याचे नावही ठाऊक नाही. जॉबवर्क करणाऱ्या आमच्या लोकांना हे दुखणे वेगळे समजावून सांगायला नको. मेसनने पुढे त्या पैशातून अनाथाश्रम काढला, आणि १८८० मध्ये मेसन सायन्स कॉलेज सुरू झाले. १९०० मध्ये त्याचेच बर्मिंगहॅम विद्यापीठ झाले.

पेटंटांत पेरीचे १८३० चे महत्त्वाचे, चिरेच्या वरच्या टोकाला भोक आणि बाजूला जास्तीच्या चिरा. भोकामुळे दोन्ही पात्यांना मोकळे फाकता येते. आणि पत्रा कुठेही चिरला की फाट पुढे पळते, ती भोकापाशी थांबते, हे कुठल्याही फिटरला माहीत असते. गिलॉटचे १८३१ चे पेटंट टोक लांब आणि निमुळते करण्याचे. तुमच्या ३०३ चे टोक त्याच वंशातले. १८४० पर्यंत ग्रॅहम स्ट्रीटवर गिलॉटचे व्हिक्टोरिया वर्क्स उभे राहिले होते. पुढे पैसा इतका आला की त्याने टर्नरची चित्रे जमवली.

हे सगळे एकाच गावात का, असे तुम्ही विचारले नाहीत, पण उत्तराचा तो मोठा भाग आहे. बर्मिंगहॅम हे गुंड्या, बकला, खेळण्यातल्यासारख्या छोट्या धातूच्या वस्तूंचे गाव. गुंडी म्हणजे काय, पत्र्यातून कापलेली, ठसा मारलेली, बाक दिलेली चकती. हातप्रेस, ठशाचे यंत्र, डाय घासणारे कारागीर, प्रेसवर पटापट हात चालवणाऱ्या बायका, सगळे तिथे आधीपासून हजर होते. मिचेल, गिलॉट, मेसन यांनी ते सगळे टाकाकडे वळवले. डाँकिन हा यांत्रिकीतला केवढा मोठा माणूस, पण टाकांचा धंदा त्याच्या १८०८ च्या पेटंटामुळे उभा राहिला नाही. माझ्या मते, त्याच्या मागे गुंड्यांचे गाव नव्हते म्हणून. एकोणिसाव्या शतकात तिथे टाकांचे शंभरच्या आसपास कारखाने होते, आणि जगातले तीन चतुर्थांश लिखाण आमच्याच टाकांनी झाले असे बर्मिंगहॅमवाले अजून सांगतात. फ्रेडरिक स्ट्रीटवर एका जुन्या टाक कारखान्याच्या इमारतीत संग्रहालय आहे. तिथे प्रेसवर स्वतः टाक कापू देतात असे ऐकून मी मुलीच्या मागे लागलो आहे, ती तिकडे असते.

भाव मात्र कोसळला. नऊ नगांना साडेतीन शिलिंग होते, ते तीस-चाळीस वर्षांत अख्खा ग्रोस काही पेन्सांत मिळू लागला. १८४० मध्ये एका पेनीत टपाल सुरू झाले, पुढे शाळा वाढल्या, मागणीला तोटा नव्हता. आणि एक गोष्ट धंद्याच्या पथ्यावर पडली : शाई. आपल्याकडे हिरडा-हिराकसाची, तिकडे मायफळ-हिराकसाची, जात तीच, आम्ल. ती पिसाला काही करत नाही, पोलाद खाते. म्हणजे टाक झिजायच्या आधी गंजतो आणि नवा घ्यावा लागतो. स्वस्त वस्तू आणि हमखास बदली, कारखानदाराला आणखी काय हवे!

पुढे फ्रान्समध्ये बुलोन्य, जर्मनीत बर्लिन, अमेरिकेत कॅम्डेनला एस्टरब्रुक (त्यानेही बर्मिंगहॅमचेच कारागीर नेले होते), आणि १८९७ मध्ये जपानमध्ये आजची झेब्रा कंपनी, असा हा धंदा पसरला. आज मांगा (जपानी चित्रकथा) काढणारे चित्रकार वापरतात ते जी निब त्याच घराण्यातले. एडिंबराच्या मॅकनिव्हन अँड कॅमेरॉन यांच्या एका टाकाचे तर नावच ‘हिंदू पेन’ होते.

आपल्याकडे हा टाक बोरूच्या जागी आला, आणि नुसते साधन बदलले नाही. बोरूचे टोक तिरके, रुंद, त्यामुळे रेषेची जाडी दिशेप्रमाणे बदलते. टाकाचे टोक अणकुचीदार, त्याची रेषा दाबाप्रमाणे बदलते. आंग्लकालीन मोडीची जी कागदपत्रे माझ्या हाताखालून गेली, त्यांत टाकाने लिहिलेले पान लगेच ओळखू येते : एकसारखी बारीक रेष, आणि घाईत कागद ओरबाडल्याच्या खुणा. माझ्या वडिलांच्या पिढीला शाळेत दौत-टाक, आणि दौतीत शाईची वडी विरघळवलेली. १९३१ मध्ये मुंबईत दांडेकरांनी हॉर्स ब्रँडची शाईची पूड आणि वड्या काढल्या, आजचे कॅमलिन तिथून सुरू झाले. तुमच्या आजोबांच्या ट्रंकेत कोपऱ्यात एखादा निळा-काळा डाग असेल तर तो त्या वडीचा असू शकतो.

तेव्हा कोणी विचारले तर असे सांगा : पोलादी लेखणी हॅरिसनच्या काळापासून होती, कारखान्यात प्रेसवर ती मिचेलने आणली, लिहिण्याजोगी लवचीक पेरी-गिलॉटच्या सुधारणांनी झाली, आणि मेसनने ती जगभर पुरेल इतकी बनवली. एकच नाव हवे म्हणून हट्ट धरलात तर मी मिचेल म्हणेन, पण माझ्याशी वाद घालायला जागा आहे.

आता डबी. टाक चालतील की नाही हे गंजावर आहे. वरच्या बाजूला ठिपके असले तरी हरकत नाही, पण भिंगाखाली चिरेच्या आत तांबूस पूड दिसली तर तो टाक बाजूला ठेवा, तो दाब पडताच मोडेल किंवा शाई ओकेल. चांगला टाक थेट शाईत बुडवलात तर शाई थेंब होऊन ओघळेल आणि तुम्हाला वाटेल टाक खराब आहे. तसे नाही, गंजू नये म्हणून कारखान्यात त्यावर लाखेचे वार्निश चढवलेले असते. (ती लाख बहुधा हिंदुस्थानातूनच गेलेली.) मऊ टूथब्रशला थोडी टूथपेस्ट लावून दोन्ही बाजूंनी हलके घासा, धुवा, लगेच कोरडा करा. काड्यापेटीच्या ज्योतीवर धरायचा सल्ला तुम्हाला कोणी तरी देईल. देऊ दे. वर सांगितलेला निळा रंग आठवा, ज्योतीत त्याच्या पुढे जायला दोन सेकंद पुरतात, आणि भट्टीने दिलेली लव निघून जाते.

३०३ फार नाजूक आहे, बॉलपेनच्या सवयीच्या हाताने लिहाल तर पहिल्याच वेलांटीला कागदात शिरेल. आधी दाब न देता रेघा ओढा, खाली येताना दाब, वर जाताना नुसता स्पर्श. वहीचा साधा कागद शाई पसरवतो, थोडा गुळगुळीत आणि जाड घ्या. काजळाची किंवा वॉटरप्रूफ चायना इंक वापरलीत तर दर दोन-तीन ओळींनी टाक ओल्या फडक्याने पुसावा लागेल, नाहीतर चीर बुजते. आणि एका वेळी एकच टाक बाहेर काढा. बाकीचे डबीत राहू द्या, डबीत सिलिका जेलची एक पुडी टाकून. पावसाळा जवळ आलाय.